नीतीच्या हिशेबात माणूस कोण?

पाश्चात्त्य नीतिशास्त्र म्हटले की आपल्या अभ्यासवर्गांत ॲरिस्टॉटल, कांट, मिल ही नावे घोकली जातात. मित्रांनो, घोकण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या नीतीत माणूस म्हणून कोणाची गणना होते?

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सांगितले की नीती म्हणजे सद्गुणांची सवय. विचार मोलाचा. पण ‘पॉलिटिक्स’मध्ये त्यानेच लिहिले की काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. म्हणजे सद्गुण मालकाचे, घाम गुलामाचा.

1785 मध्ये कांटने बजावले की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नका. पण हाच कांट गोऱ्यांना वर आणि काळ्यांना खाली ठेवणारी वंशांची उतरंड शिकवत होता.

1789 मध्ये बेंथॅमने कृतीची परीक्षा तिच्या परिणामांवर ठेवली: जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख. मिलने हा उपयुक्ततावाद पुढे नेला, 1869 मध्ये स्त्रियांच्या दास्यावर पुस्तक लिहिले. पण तो 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने मागास समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळले. त्या मागासांत आपणही होतो.

मग हे सारे फेकून द्यायचे? नाही. वगळलेल्यांनी तसे केले नाही. 1792 मध्ये मेरी वोलस्टोनक्राफ्टने विचारले: हक्कांचा पाया विवेक असेल, तर विवेक असलेल्या स्त्रीला हक्क का नाहीत? पुरुषांचेच तत्त्व तिने पुरुषांपुढे ठेवले.

बाबासाहेबांनीही हेच केले. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. नियम काय करायचे ते सांगतो, तत्त्व मात्र विचार करून निर्णय घ्यायला लावते, आणि म्हणून जबाबदारीही देते. हा ड्यूईच्या नीतिविचारातला भेद. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी तो वापरून दाखवले की धर्म म्हणून जे सांगितले जाते ती केवळ विधिनिषेधांची जंत्री आहे. पुढे ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये त्यांनी न्याय आणि उपयुक्तता याच कसोट्या लावल्या.

नीतीचे सिद्धान्त पाश्चात्त्यांनी मांडले म्हणून पवित्र ठरत नाहीत, आणि परके म्हणून टाकाऊही ठरत नाहीत. ज्याला हिशेबाबाहेर ठेवले, त्याच्या बाजूने ते लावून पाहा. तिथे टिकतील तेवढेच आपले.