काळ्या शिडाची गोष्ट

ग्रीक पुराणकथांवरचे अलीकडचे मारधाडीचे चित्रपट पाहताना डोळे दिपतात. पण बाहेर आल्यावर कुणी गोष्ट विचारली तर सांगायला काही सापडत नाही. दोष तंत्राचा आहे का? मला तसं वाटत नाही.

१९६३ साली 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' आला. रे हॅरीहाउसेन यांनी त्यात सात सांगाडे तलवारी देऊन लढवले. बाहुली केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. काही मिनिटांच्या त्या लढाईला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. पण मला त्याहून टॅलॉस आठवतो. हर्क्युलिस देवांच्या खजिन्यातली वस्तू उचलतो आणि हा कांशाचा अजस्र पुतळा जागा होतो. शेवटी तो कोसळतो तो हर्क्युलिसच्या तरुण मित्रावर, हायलसवर. चमत्कार खराच, पण त्याच्या तळाशी एका हव्यासाची किंमत आहे.

आता २०११चा 'इम्मॉर्टल्स' घ्या. दिग्दर्शक जालंधरमध्ये जन्मलेले तरसेम सिंग. कॅराव्हाज्जिओच्या चित्रांतला काळोख-उजेड त्यांनी पडद्यावर आणला. एको इशिओका यांची वेशभूषा तर पाहत राहावी अशी. नायक आहे थीसियस.

पुराणातला थीसियस क्रीटच्या भूलभुलैयात शिरतो तो आरियाद्नीने दिलेल्या सुताच्या आधाराने. अर्धा बैल, अर्धा माणूस अशा मिनोटॉरला मारतो, आणि तिलाच नॅक्सोस बेटावर सोडून देतो. जिंकलो तर पांढरं शीड लावून येईन, असं त्याने वडिलांना सांगितलेलं असतं. ते तो विसरतो. काळं शीड पाहून म्हातारा राजा एजियस जीव देतो. एजियन समुद्राला त्याचंच नाव मिळालं, असं ग्रीक सांगत.

चित्रपटात मिनोटॉर म्हणजे तारेचा मुखवटा घातलेला माणूस. आरियाद्नी नाही, सूत नाही, शीडही नाही. विसरणारा, कृतघ्न होणारा माणूस गेला. उरला तो लढवय्या.

मी कविता लिहितो, प्रतिमेशी माझं भांडण असणार कसं? पण ते काळं शीड हीसुद्धा प्रतिमाच आहे. कापडाचा एक तुकडा, त्याला ना संगणक लागतो ना सोन्याची चिलखतं. मात्र मुलाने बापाला दिलेला शब्द आधी ऐकलेला असावा लागतो. तो ऐकला नसेल, तर समोरून येतं ते नुसतं एक जहाज.