मानमोडीची साथ, श्वसनसंस्थेची प्रतिकारयंत्रणा आणि जालना परिसर (१९१८-१९२१)

प्रस्तावना :

इ. स. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या जागतिक साथीस मराठी मुलखात ‘मानमोडी’ असे नाव पडले. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात संस्थानी राजवट, मुक्तिसंग्राम व दुष्काळ यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे या साथीस मिळालेले नाही. जालन्याबाबत तर एक प्रशासकीय अडचणही आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात मोडत असे. साथीच्या वेळी हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे १९२१ च्या जनगणनेत आजच्या जालना जिल्ह्याचे असे आकडेच नाहीत. येथील मृतांची संख्या दोन जिल्ह्यांच्या बेरजेत मिसळून गेली आहे.

साथीचा मार्ग :

जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवरील पहाऱ्याचा एक शिपाई व अन्य काही पोलीस तापाने रुग्णालयात दाखल झाले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोगाच्या प्रसारात रेल्वेचा वाटा मोठा होता, हे तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांनीही मान्य केले होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना हे महत्त्वाचे स्थानक व कापसाची मोठी पेठ. ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून या गावाची ख्याती ज्या व्यापारामुळे झाली, त्याच व्यापाराच्या वाटेने रोगही आला असावा, हे अनुमान वावगे ठरू नये.

शरीराचा बचाव व त्याचे ढासळणे :

श्वासाबरोबर येणारे धूलिकण व जंतू अडविण्याची व्यवस्था नाकापासूनच सुरू होते. श्वासमार्गाच्या अस्तरातील चिकट श्लेष्मा त्यांना धरून ठेवतो आणि पेशींवरील सूक्ष्म केसल हा थर सतत घशाकडे ढकलीत राहतात. यातून निसटलेले जंतू वायुकोशांतील भक्षक पेशी गिळतात. शरीरातील अशा भक्षक पेशींचे कार्य मेचनिकॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दाखविले होते. विषाणूग्रस्त पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन स्रवतात, ही गोष्ट मात्र १९५७ मध्ये उजेडात आली. प्रतिपिंडे सर्वांत शेवटी तयार होतात. नव्या विषाणूविरुद्ध त्यांना आठवड्याहून अधिक काळ लागू शकतो.

इन्फ्ल्युएंझाचा विषाणू नेमका हा केसलयुक्त अस्तरच उद्ध्वस्त करतो. मग घशातील एरवी निरुपद्रवी असणारे जीवाणू विनाअडथळा फुप्फुसात उतरतात. १९१८ मधील बहुसंख्य मृत्यू अशा दुय्यम जीवाणुजन्य न्यूमोनियाने झाले, असा निष्कर्ष जतन केलेल्या ऊतींच्या तपासणीतून २००८ मध्ये मांडण्यात आला. मानवी इन्फ्ल्युएंझाचा विषाणूच मुळी १९३३ मध्ये वेगळा करता आला आणि पेनिसिलीन उपचारात आले ते १९४० च्या दशकात. म्हणजे १९१८ च्या रुग्णापाशी स्वतःच्या शरीराखेरीज दुसरे शस्त्र नव्हते.

ते शरीर कोणत्या अवस्थेत होते, हाच येथे कळीचा प्रश्न आहे. १९१८ मध्ये नैऋत्य मोसमी पावसाने दगा दिला, धान्य महागले. प्रथिनांच्या अभावी पेशींची प्रतिकारशक्ती क्षीण होते, हे आज सर्वज्ञात आहे. मुंबईच्या आकड्यांत त्याची सामाजिक बाजू दिसते : दर हजारी मृत्यूचे प्रमाण तथाकथित कनिष्ठ जातींत ६१.६, तर युरोपियनांत ८.३ होते. विषाणू एकच असताना ही तफावत पडली, ती अन्न, निवारा व शुश्रूषा यांमुळे, असेच मानावे लागते.

हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये १,३३,७४,६७६ होती. १९२१ मध्ये ती १,२४,७१,७७० वर आली. या घटीत प्लेग व दुष्काळ यांचाही हिस्सा आहे, तो वेगळा काढता येत नाही. वयाच्या दृष्टीने पाहता जगभर या साथीने वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांना अधिक ओढून नेले. भारतात त्यातही स्त्रियांचे मृत्यू पुरुषांहून जास्त झाले. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच वाट्याला येई, आणि टंचाईच्या दिवसांत सर्वांत शेवटी जेवणाऱ्याही त्याच होत्या.