देवीचे वण आणि लाल उजेड

मोबाईलवर एकदा ‘मुरुमांचे खड्डे’ किंवा ‘टाक्यांचे वण’ असं शोधलं, की पुढचे पंधरा दिवस एक जाहिरात पाठ सोडत नाही. पांढरा प्लास्टिकचा मुखवटा, आत लाल एलईडी, आणि तो लावून सोफ्यावर निवांत बसलेली एक बाई. रोज दहा मिनिटं, आणि वण फिके. किंमत परवडत नसेल तर हप्ते आहेतच.

हे सगळं आपल्या पिढीचं वाटतं. पण लाल उजेडाने चेहऱ्यावरचे वण टाळता येतात, हा दावा एका डॉक्टरने १८९३ साली छापून मांडला होता. त्याला पुढे नोबेल मिळालं. तो दावा मात्र टिकला नाही. आजचा मुखवटा विकत घ्यायचा की नाही, हे ठरवायला ती गोष्ट मला कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त उपयोगी पडली.

त्या काळी चेहऱ्यावरच्या वणांचं मोठं कारण होतं देवीचा रोग. अंगभर पुटकुळ्या यायच्या, त्यांत पू व्हायचा, खपल्या धरायच्या. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी नष्ट झाल्यामुळे खपल्यांच्या जागी खड्डे राहायचे, आणि या ग्रंथी चेहऱ्यावर जास्त असल्याने तिथेच सर्वात जास्त. माझ्या आजीच्या दोन्ही गालांवर ते आहेत. तिला बघायला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं, ‘मुलगी चांगली आहे, तोंडावर देवीचे वण आहेत.’ वाक्यातला ‘पण’ कुणी उच्चारायचं नाही. सरकारी फॉर्मवर ‘ओळखीची खूण’ असा रकाना असतो, तिथे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी हेच लिहिलं असेल.

देवी आणि लाल रंग यांचं नातं त्याहून जुनं आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन ऑफ गॅडेस्डेन या वैद्याने लिहून ठेवलंय, की राजाच्या मुलाला देवी आल्या तेव्हा त्याच्या पलंगाभोवतीचं सगळं त्याने लाल केलं, आणि मुलगा एकही वण न राहता बरा झाला. जपानमध्ये एदो काळात देवी आलेल्या मुलांना लाल खेळणी आणि लाल शाईत छापलेली चित्रं द्यायचे. एकमेकांपासून इतक्या लांबच्या या दोन ठिकाणी रोग एकच होता, रंगही एकच.

नील्स रायबर्ग फिन्सेन हा फॅरो बेटांवर १८६० साली जन्मलेला डॉक्टर. तरुणपणीच त्याला एक दीर्घ आजार जडला, आणि सूर्यप्रकाशाचा शरीरावर काय परिणाम होतो, हा त्याच्या आयुष्याचा प्रश्न बनला. उन्हाने कातडी भाजते ती उष्णतेने नव्हे, तर वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडच्या किरणांनी, हे तेव्हा कळू लागलं होतं. फिन्सेनने पुढचा तर्क केला. देवीच्या पुटकुळ्यांनी कातडी आधीच सुजलेली असते. त्यावर हे किरण पडले तर पू वाढणार आणि वण खोल होणार. म्हणून रुग्णाला अशा खोलीत ठेवा जिथे फक्त लाल उजेड येईल. खिडक्यांना जाड लाल पडदे, लाल काचा. फोटोग्राफर आपली प्लेट जितक्या काळजीने जपतो, तितक्याच काळजीने रुग्णाची कातडी जपायची.

नीट पाहा, फिन्सेनच्या खोलीत लाल उजेड काहीच करत नव्हता. तो निरुपद्रवी होता, एवढीच त्याची पात्रता. उपचार होता तो निळा-जांभळा उजेड अडवण्याचा. आजचा मुखवटा याच्या अगदी उलट सांगतो, की लाल उजेड स्वतःच कातडीत शिरून काम करतो.

१८९३ सालीच नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये ही पद्धत वापरून पाहिली गेली आणि निकाल उत्साहाचे आले. युरोपात ठिकठिकाणी लाल खोल्या झाल्या. फिन्सेन स्वतः मात्र दुसऱ्या टोकाकडे वळला होता. जे किरण कातडीला इजा करतात, ते जंतूंनाही मारत असतील का? त्याने कार्बन आर्कच्या दिव्याचा उजेड भिंगांनी एकवटून कातडीच्या क्षयावर वापरला. त्याचा पहिला रुग्ण कोपनहेगनमधला एक इंजिनिअर होता, हे वाचून मला जरा बरं वाटलं. १८९६ साली तिथे प्रकाशोपचाराची संस्था उभी राहिली आणि १९०३ चं नोबेल फिन्सेनला मिळालं, ते या कामासाठी. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

त्याच १९०४ साली रिकेट्स आणि बाइल्स या दोन इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लाल खोलीचा आपला अनुभव छापला. पू व्हायचा तो होतच होता, वण राहायचे ते राहतच होते. मग आधीचे उत्साही निकाल कुठून आले? देवीची तीव्रता माणसागणिक वेगळी असे. आधी लस घेतलेल्यांना रोग सौम्य होई आणि वणही कमी राहत. अशा रुग्णाला लाल खोलीत ठेवलं की श्रेय खोलीला. आमच्या कामात याला ‘कंट्रोल ग्रुपशिवाय टेस्ट’ म्हणतात, आणि तसं काही लाइव्ह केलं तर टीम लीड रिलीज मागे घ्यायला लावते.

देवीचे वण शेवटी लसीने थांबवले. भारतात पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माझ्या आईच्या दंडावर लसीचा गोल वण आहे. गालांवर काही नाही.

लाल उजेड परत आला तो वेगळ्याच दाराने. १९६० साली थिओडोर मेमनने पहिला लेसर बनवला, रुबीचा, खोल लाल रंगाचा. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर हे डॉक्टर लेसरचा उंदरांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यांचा लेसर इतका कमजोर होता की गाठींवर काही घडलं नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. त्यांनी मग न भरणाऱ्या जखमांवर तो उजेड वापरून पाहिला. १९९० च्या दशकात नासासाठी अंतराळात रोपं वाढवायला बनवलेले लाल एलईडी जखमांवरच्या संशोधनात आले. लेसर महाग, एलईडी स्वस्त. आजच्या मुखवट्याचं मूळ तिथे आहे.

यामागे कल्पना अशी, की साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा उजेड कातडीत काही मिलिमीटर शिरतो आणि पेशींमधल्या मायटोकाँड्रियातलं एक एन्झाइम तो शोषून घेतं. कॅन्सरच्या उपचारांत तोंड येतं, ते टाळण्यासाठी काही रुग्णांना हा उजेड देण्याची शिफारस आज केली जाते. म्हणजे हे सगळंच थोतांड नाही.

पण वण ही वेगळी गोष्ट आहे. मुरुमांचा खड्डा म्हणजे तिथे कोलॅजन कमी पडलं. टाक्यांचा फुगलेला वण म्हणजे कोलॅजन जास्त झालं. एकाला वाढ हवी, दुसऱ्याला रोख. प्रयोगशाळेत असं दिसलंय, की कमी मात्रेत लाल उजेड कातडीच्या पेशींना चालना देतो आणि खूप जास्त मात्रेत त्यांची वाढ मंदावतो. मग ‘सर्व प्रकारच्या वणांवर’ एकच मुखवटा, एकच दहा मिनिटं, कसं चालेल? माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत आणि निकाल संमिश्र.

माझ्या हनुवटीवर बाईकवरून पडल्याचे सहा टाके आहेत, आठ महिन्यांपूर्वीचे. घरात स्थळं बघणं सुरू आहे, आणि आईने मुखवट्याची लिंक दोनदा पाठवली. मी तिला म्हटलं, ‘आई, वण आपोआपच वर्ष-दीड वर्ष फिका होत राहतो. आता मुखवटा घेतला तर सहा महिन्यांनी श्रेय कुणाला द्यायचं?’ ती म्हणाली, ‘वण गेला म्हणजे झालं, श्रेय कशाला हवंय तुला?’ तिचंही बरोबर आहे. आजीला कुणी लाल खोली देऊ केली असती, तर तिनेही हिशेब विचारला नसता.

तरी घ्यायचाच असेल, तर तीन गोष्टी विचारा. तरंगलांबी किती? दर चौरस सेंटीमीटरला ऊर्जा किती? आणि उजेड न दिलेल्या वणाशी तुलना केली आहे का? जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो ही तुलना नव्हे. खोक्यावरचं ‘एफडीए क्लिअर्ड’ म्हणजे साधारणपणे, हे उपकरण आधीपासून बाजारात असलेल्या एखाद्या उपकरणासारखं आहे, इतकंच. मुखवट्यात निळा मोड असेल तर जपून. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर निळा-जांभळा उजेड काळसर डाग आणू शकतो, फिन्सेनचा त्याच्यावरचा संशय अगदीच वाया गेला नाही.

नव्या वणाला ऊन लागू देऊ नका, सनस्क्रीन लावा. फुगलेल्या वणावर सिलिकॉनची पट्टी मिळते. खड्डे खोल असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुखवट्याचे पैसे मी सध्या बाजूला ठेवलेत. आईला सांगितलंय, दीड वर्ष पूर्ण होऊ दे, मग बघू.