कापसाची गाठ आणि राजकीय विचारसरणी

उदारमतवाद, समाजवाद, साम्यवाद असे शब्द कानी पडले की पुष्कळांना वाटते, ही पंडितांची भांडणे. आपल्या भाजी-भाकरीशी त्यांचा काय संबंध? डावे आणि उजवे हे भेदही परदेशातले. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या हाताला. परंतु या वादांचे मर्म कळण्यासाठी पॅरिसला जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील कारंज्याचा कापूस बाजार त्यास पुरेसा आहे.

अॅडम स्मिथने १७७६ साली खुल्या व्यापाराचा पुरस्कार केला, तेव्हा व्यापार मक्तेदार कंपन्यांच्या मुठीत होता. म्हणून तो विचार त्या काळी मुक्तीचाच होता. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी तो उचलून धरला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्यास नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. देशातील हा पहिला. मँचेस्टरला शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे खुल्या व्यापाराचा जयघोष करणाऱ्या देशाच्या राजवटीला गरज पडताच सरकारी नियम चालला!

या व्यवहारात राबणाऱ्याचे काय? मार्क्स-एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यात हाच प्रश्न मालकीच्या मुळापर्यंत नेला. पण आपल्याकडील विचार म्हणजे केवळ आयात माल नव्हे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या लुटीचा हिशेब मांडला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. १८९० साली आठवड्याची सुटी पदरात पडली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून जात आणि मजुरी हे दोन्ही प्रश्न एकत्र हाती घेतले.

स्वराज्यात हाच वाद पुन्हा उभा राहिला. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. दलालापासून शेतकरी सुटावा, हा उद्देश चांगला. परंतु शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस चोरवाटेने सीमेपार जाई. एकच खरेदीदार असणे, मग तो सरकार का असेना, शेतकऱ्याला काच वाटू लागला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने खुल्या बाजाराची मागणी केली, ती या अनुभवातून. २०२० साली केंद्राने बाजार समित्यांच्या बाहेरचा व्यापार मोकळा करणारा कायदा केला, तेव्हा उत्तरेतील शेतकऱ्यांनी प्रचंड विरोध केला. २०२१ साली तो मागे घ्यावा लागला. आणि ओझे वाहणारा हमाल? त्याच्यासाठी महाराष्ट्रात माथाडी कायदा व्हायला १९६९ साल उजाडले.

सारांश, नियम हा स्वतः डावा नसतो आणि मोकळीक ही स्वतः उजवी नसते. कोणताही झेंडा पुढे आला तर त्यास तीन प्रश्न विचारावेत: भाव कोण ठरवणार? वजनकाट्यावर नजर कोणाची? आणि गाठ उचलणाऱ्याच्या हाती काय पडणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याचा ग्रंथ कितीही जाडजूड असो, त्याच्या मागे जाण्यापूर्वी कामकऱ्याने दहादा विचार करावा.