शिदोरीवर जगणाऱ्या पेशी

सुरगाण्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात ताप आला, की हिवतापासाठी रक्त तपासतात. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस चालतात. बहुतेकांना त्या सोसतात. एखाद्याची मात्र लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात. याचे कारण १९५६ साली अमेरिकेत उलगडले: अशांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर, म्हणजे एन्झाइम, कमी असते. सौम्य प्रकारात तर औषध चालू असतानाही पेशी फुटणे थांबते. म्हाताऱ्या पेशी आधी जातात, तरण्या तग धरतात. पेशीचे वय आणि विकर यांचे नाते समजून घ्यायला वाचकांनी हीच वाट धरावी.

सस्तन प्राण्यांची तांबडी पेशी केंद्रक अस्थिमज्जेतच टाकून निघते. उरलेसुरले रायबोसोमही एक-दोन दिवसांत जातात. मग नवे विकर घडवणे संपले. बांधून आणलेल्या शिदोरीवर माणसात सुमारे १२० दिवस काढायचे, मांजरात सत्तरच्या आसपास. (कोंबडीच्या पेशीत केंद्रक शाबूत असते, तरी ती महिनाभरच जगते. तेव्हा सगळा दोष शिदोरीला देऊ नये.)

प्राण्याप्राण्यांत फरक फार, आणि मला खरी गोडी तिथेच वाटते. प्रौढ डुकराच्या पेशीत ग्लुकोज जवळजवळ शिरतच नाही. ती इनोसिनवर गुजराण करते. कुत्र्याची पेशी पक्व होताना सोडियम-पोटॅशियम पंपच गमावते. म्हणून आपल्याकडच्या डांगी गाईचे रक्त तपासायला बसाल, तर माणसाचे आकडे तिला लावू नका. निरोगी गाईच्या रक्तात कोवळ्या पेशी जवळपास दिसत नाहीत. गोचीड तापातून ती सावरू लागली की त्या येतात आणि हेक्सोकायनेजसारखी विकरे वाढल्यासारखी भासतात. खरे तर तेव्हा आपण फक्त तरुण पेशी मोजत असतो.

पद्धतीबद्दलही सावध राहा. रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवली की जड पेशी तळाशी बसतात आणि त्यांनाच म्हातारे ठरवण्याचा मोह होतो. जडपणा म्हणजे वय नव्हे. कित्येक विकरांची मोठी घसरण कोवळी पेशी पक्व होतानाच होते, पुढची उतरण संथ असते. जुन्या निष्कर्षांकडे या नजरेने पाहावे.

एवढे ध्यानात ठेवून पुढची पाने उघडा. दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगतो: पेशी फुटून गेल्यावर लगेच केलेली जी-सिक्स-पीडी चाचणी चांगली आली, तरी तिच्यावर विसंबू नका, तीन महिन्यांनी ती पुन्हा करा.