संकरित व शुद्ध जातींच्या गायी, कोकणातील
पनवेल (जि. रायगड) व एकूणच उत्तर कोकणात गायीची पारख दीर्घकाळ दुधापेक्षा तिच्या पोटी येणाऱ्या बैलांवरून होत असे. भातखाचरांच्या चिखलणीसाठी बैल लागत. १८३० मध्ये बोर घाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेल बंदरातील माल बैलगाड्यांनी देशावर जाऊ लागला. गाड्यांची चाके तयार करणे हा गावाचा प्रमुख उद्योग होता.

शारीरिक लक्षणे : कोकणातील मूळ गुरे लहान ते मध्यम आकाराची व आटोपशीर बांध्याची असतात. वशिंड लहान ते मध्यम, पाठ सरळ व कास लहान असते. दमट उष्मा, अतिवृष्टी व निकृष्ट चारा ती सोसतात. दूध मात्र दिवसाला सरासरी दोन लिटरांच्या आसपासच मिळते. याउलट होल्स्टीन व जर्सी या यूरोपीय जातींना वशिंड नसते. मागील भाग रुंद व कास मोठी असते. पहिल्या पिढीच्या संकरित गायीत वशिंड नाममात्र उरते, पोळी आखूड होते, कास वाढते व पहिले वेत लवकर येते. वशिंड व पोळी ही देशी गायीची ठळक लक्षणे असली, तरी तिची उष्णता सोसण्याची क्षमता मुख्यतः अधिक कार्यक्षम घर्मग्रंथी व शरीरात कमी निर्माण होणारी उष्णता यांमुळे असते. संकरित बैलाच्या मानेवर जू नीट टेकत नाही व तो उन्हात लवकर थकतो.

संकर कार्यक्रम : मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन (बाएफ) ही संस्था स्थापन केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ हा संकर विकसित केला. त्यात निम्मा वंश होल्स्टीनचा व प्रत्येकी चतुर्थांश जर्सी व गीर यांचा असतो.

संकराचे महत्त्व व मर्यादा : पहिल्या पिढीतील संकरजोम संकरितांच्या आपापसांतील प्रजननाने घटतो, विदेशी रक्ताचे प्रमाण फार वाढविल्यास उष्णता व गोचिडजन्य रोग सोसण्याची शक्ती कमी होते. म्हणून संकरित कळपामागे शुद्ध देशी वंश टिकून असावा लागतो. कोकणातील गुरांची ‘गावठी’ म्हणून दीर्घकाळ उपेक्षा झाली. २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. तोवर या प्रदेशात संकरीकरण बरेच पसरले होते. त्यामुळे शुद्ध वळूंची निवड व जतन हे या जातीच्या संवर्धनातील पहिले कार्य ठरते.