रखमाबाईंचा नकार आणि आपला कायदा

फसवून, धाकदपटशानं लावलेलं लग्न मोडता येतं का, असं आयाबहिणी विचारतात. आम्ही त्यांना रखमाबाईंची हकिकत सांगतो. सुतार समाजातल्या, मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. नांदायला येत नाहीत म्हणून १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. नकळत्या वयात, संमतीवाचून झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, हे रखमाबाईंचं म्हणणं. १८८५ चा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला! १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढं त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

त्यांच्या हाती कायदा नव्हता. आपल्या हाती आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. (हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, हे विसरू नये.) कलम १२ प्रमाणे जबरदस्तीनं वा फसवणुकीनं झालेलं लग्न रद्द करून मागता येतं. पण धाक संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पाहिजे, अन् त्यानंतर राजीखुशीनं नांदलेलं नसावं. भावकीच्या बैठकांत नेमकं हेच वर्ष जातं. अठराच्या आत लग्न लावलेल्या मुलीला २००६ च्या कायद्यानं वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत मुदत आहे. वकिलाच्या फीची काळजी नको. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.